लेकरू घर ऐकतं

गुरुवारचा सत्संग-संदेश
(महाराजांच्या बोलण्यावरून उतरवून घेतलेला. बोली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

माउलींनो, सौंसरकडच्या एका परिवार-ग्रुपातून प्रश्न आला आहे. सुनेला सातवा महिना लागला. तिच्या पोटाला मोबाईल लावून रोज स्तोत्र ऐकवलं तर चालेल का, कोणतं ऐकवावं आणि आवाज किती ठेवावा? प्रश्न सासूबाईंचा आहे. सुनेची काळजी आहे म्हणूनच विचारलं, म्हणून मला बरं वाटलं. पण उत्तर थोडं लांब आहे, बसून वाचा.

स्तोत्र चांगलंच. मोबाईल पोटाला लावायचं मात्र कामच नाही, आणि आवाज मोठा करून तर मुळीच नाही. आपल्याला वाटतं, गर्भ म्हणजे अंधारी, शांत गुहा. तसं नाही बाप्पा! तिथं आईच्या हृदयाचा ठोका चालू आहे, रक्ताची सळसळ आहे, पोटातला गुडगुडाट आहे. साधारण सहाव्या महिन्यात लेकराचे कान काम करू लागतात. मग त्याला सगळ्यात स्पष्ट काय ऐकू येतं? आईचा आवाज. तो बाहेरून पण जातो आणि तिच्या हाडामांसातून आतल्या आत पण पोचतो. म्हणजे स्तोत्र ऐकवायचंच असेल तर सुनेला स्वतःला म्हणू द्या, तिला येईल तसं, तिला वाटेल तेव्हा. येत नसेल तर जात्यावरची ओवी म्हणू द्या, नाहीतर शेजारणीशी गप्पा मारू द्या. लेकराला अर्थ कळत नाही, आवाज कळतो.

हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर नावाच्या दोघांनी 1980 साली जन्मून तीन दिवससुद्धा न झालेल्या लेकरांना चोखायला एक बोंडी दिली. एका चालीनं चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या चालीनं चोखलं की परक्या बाईचा. लेकरांनी चोखायची चाल बदलली आणि आईचा आवाज मागून घेतला. पुढं 1986 साली असं दिसलं, की शेवटचे दीड महिने आईनं रोज मोठ्यानं वाचलेली गोष्ट लेकरू जन्मल्यावर ओळखतं, ती दुसऱ्या कोणी वाचली तरी. आणि 2009 चा एक अभ्यास तर मला फार आवडतो. जर्मन आणि फ्रेंच घरांतली तीन ते पाच दिवसांची लेकरं घेतली, तर त्यांच्या रडण्याचे सूरच वेगळे निघाले. फ्रेंच लेकराचा सूर चढत जाणारा, जर्मन लेकराचा उतरत येणारा, जशी त्या त्या भाषेची चाल आहे तसा. आता आपल्या पांढुर्ण्यातलं पोट्टं मराठीत रडते का हिंदीत, हे कोणी मोजलं नाही. माझ्या मते दोन्हीत रडत असावं, घरात मराठी अन् बाजारात हिंदी!

तर हसणं झालं. आता मुद्द्यावर येऊ. लेकरू आईला ऐकतं हे खरं असेल, तर आई ज्या आवाजात दिवसभर राहते तोही त्याच्यापर्यंत जातोच. तिच्यावर कोणी खेकसलं की तिचं काळीज धडधडतं, ती धडधड लेकराच्या कानाशी आहे. घरात रोजचा धाक असेल, मारहाण असेल, तर लेकरू दिवसाआधी जन्मण्याचा, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. म्हणजे गर्भसंस्कार हा सुनेनं करायचा उपवास-पाठ नाही. घरानं करायचा आहे, सासऱ्यानं, सासूनं, नवऱ्यानं. नऊ महिने घरात कोणी कोणाशी कसं बोललं, हेच त्याचं स्तोत्र.

तुम्ही म्हणाल, महाराज, प्रल्हादाची गोष्ट सांगा. सांगतो, पण पूर्ण सांगतो. हिरण्यकश्यपू तपाला गेला होता. मागं इंद्र कयाधूला, गरोदर बाईला, ओढून नेत होता. नारदांनी आधी काय केलं? उपदेश नाही केला. आधी तिला सोडवलं, आपल्या आश्रमात नेलं, नवरा परत येईपर्यंत निर्धास्त राहा म्हणाले. उपदेश त्यानंतर. भागवताच्या सातव्या स्कंधात हा क्रम आहे. आपण मात्र उपदेशाची सीडी आणतो अन् निर्धास्तपणाचं राहूनच जातं.

आणि अभिमन्यूची गोष्ट. कीर्तनात ऐकलं असेल: चक्रव्यूहाची कथा चालू असताना सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोराला बाहेर पडायचं कळलं नाही, म्हणून तो मेला. मला ही गोष्ट कधीच पटली नाही. गरोदर बाई रात्री झोपली, यात तिचा काय गुन्हा? द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः एवढंच सांगतो, की बापानं आत शिरायचं शिकवलं, बाहेर यायचं येत नाही. आईच्या झोपेचं तो तिथं काही बोलत नाही. तो मेला कारण जयद्रथानं पांडवांना वाटेत अडवलं आणि सहा महारथ्यांनी मिळून एका पोराला घेरलं. पण लोकांनी दोष कोणावर टाकला? आईच्या झोपेवर. आपल्या घराघरांत आजही तेच चालतं. लेकराला काही झालं की पहिला प्रश्न, हिनं काय खाल्लं, हिनं काय पाहिलं, ग्रहणात हिनं काय चिरलं.

ग्रहणाचं स्पष्टच सांगतो. लेकराचा ओठ जुळतो तो गर्भ राहिल्यावर दुसऱ्या महिन्याच्या आत. पाठीचा कणा अन् मेंदू ज्या नळीतून घडतात ती तर चार आठवड्यांत मिटते. पुष्कळ बायांना तेव्हा दिवस गेल्याचं पण माहीत नसतं. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं ओठ कसा फाटेल? ग्रहणात नामस्मरण करा, पण सुनेला उपाशी, तहानलेली कोंडून ठेवू नका. ती नळी नीट मिटावी म्हणून फोलिक अॅसिडची गोळी असते. ती दिवस राहण्याआधीपासून घेतली तर खरा उपयोग. लग्न झालेल्या लेकी-सुनांना आशा दीदीकडे पाठवा. आणि नंतरच्या लोहाच्या गोळ्या उंबऱ्यावरच्या कोनाड्यात धूळ खात पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पोटात दुखतं, काळं होतं म्हणून टाकून देतात. दीदीला विचारा, जेवणानंतर घ्या, पण घ्या.

आपल्याकडे संत्र्याच्या तोड्यावर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाया क्रेट उचलतात. घरी येऊन सगळ्यांना वाढतात, मग उरलेलं खातात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तुपा-हळदीनं शेकतो, जू लावत नाही. मी काय म्हणतो ते कास्तकारांना समजलं असेल.

'डोहाळे' हा शब्द संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला आहे. सुश्रुतानं चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं, कारण आतलं हृदय तेव्हा उमगतं. आजचे डॉक्टर सांगतात की ते चौथ्या आठवड्याच्या सुमारालाच धडकू लागतं. कसंही असो, डोहाळे म्हणजे दोन हृदयांची मागणी आहे. ती ऐकायची असते. डोहाळजेवणाच्या फोटोत आपण सगळे हौशी, पण दुसऱ्या दिवशी तिनं चिंच मागितली तर "फार लाड झाले" म्हणतो.

अन् या काळात घरात एक शब्द फार ऐकू येतो. "पोरगाच होऊ दे." मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या बीजावर ठरतं, तेही पहिल्याच दिवशी. नंतर कोणतं औषध, कोणता धागा ते बदलत नाही. मशीनवर तपासून घेणं 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्या परिवारात कोणी तसं केलं तर त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवायला येऊ नये. जामसावळीच्या मारुतीरायाला नवस जरूर बोला. आई-लेकरू सुखरूप सुटू दे, एवढाच बोला.

आता जचकीचं. पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, तरी अडलेली बाई आजही पुष्कळदा नागपूर नाहीतर छिंदवाड्याच्या रस्त्याला लागते. नववा लागला की गाडी कोणाची, पैसे कुठं ठेवले, सोबत कोण जाणार, रक्त द्यायला कोण, हे ठरवून ठेवा. 108 नंबर भिंतीवर लिहा. कळा लागल्यावर देवघरात मुहूर्त पाहत बसू नका.

लेकरू बाहेर आलं, रडलं, की त्याला पुसून कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवू द्या. सिझर झालं असेल तरी दवाखान्यात विनंती करा, आई शुद्धीवर असेल तर पुष्कळदा जमतं. आणि मग बघा देवाची करणी. स्वीडनच्या डॉक्टरांनी 1987 मध्ये हे नीट लिहून ठेवलं: आईच्या पोटावर ठेवलेलं लेकरू थोडं थांबतं, ओठ चाटतं, पाय रेटतं, सरकत सरकत साधारण तासाभरात स्तनापर्यंत स्वतः पोचतं. कोणी शिकवलं? वास त्याला नेतो, तो त्याला आतल्या पाण्याच्या वासासारखाच ओळखीचा वाटतो. त्याच्या नजरेला फक्त वीतभर-दीड वीत अंतरावरचं बरं दिसतं. कुशीतून आईचा चेहरा असतो बरोबर तेवढ्याच अंतरावर. तळहातावर बोट ठेवलं तर घट्ट पकडतं. गालाला बोट लागलं तर त्या बाजूला तोंड वळवतं. आपण त्याला "अजून काही कळत नाही" म्हणतो!

त्या पहिल्या तासात आपण काय करतो? आत्या मध चाटवते, कोणी गुळाचं पाणी, कोणी घुट्टी. अन् आईचा पहिला पिवळा चीक "जड आहे, खराब आहे" म्हणून पिळून फेकतो. माउलींनो, तो चीक म्हणजे लेकराची पहिली लस आहे. थेंबभर असतो कारण लेकराचं पोटही बोराएवढंच असतं. गाईचा खरवस आपण वाटून खातो, अन् स्वतःच्या लेकराचा चीक मोरीत? मध तर वर्षाच्या आत देऊच नका, त्यातून लेकराला जीवघेणा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पहिला दिवस आंघोळ नको, अंगावरचा पांढरा लेप खरवडू नका, नाळेला हळद-राख-तेल काही नको, डोळ्यांत काजळ नको. म्हाताऱ्या बायांना राग येईल. त्यांना मी सांगितलं म्हणून सांगा.

मग येते पाचवी-सहावी. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून आपण पाटी-लेखणी ठेवतो, दिवा लावतो, जागतो. यातलं जागणं फार शहाणपणाचं आहे. महिन्याच्या आत जी लेकरं जातात, त्यांतली पाऊण याच पहिल्या आठवड्यात जातात. आपल्या बाजूच्या गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत हेच जागणं शास्त्रानं करून दाखवलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना शिकवलं: लेकराचं वजन करा, ऊब द्या, दूध पितं का पाहा, श्वास मोजा, जंतुदोष दिसला तर औषध द्या. तिथं महिन्याच्या आत हजारात 62 लेकरं जायची, ती तीन वर्षांत 25 च्या आसपास आली. 1999 साली ते जगापुढं छापून आलं, आणि पुढं सरकारनं आशा दीदींना घरोघरी पाठवायचं ठरवलं ते त्याच वाटेनं. दवाखान्यात जन्मलेल्या लेकराला दीदी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायला येते. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशी पण. तिच्या हातात पण वही-लेखणी असते. तिला ओट्यावरून परत लावू नका. "बाळंतिणीला बाहेरची बाई चालत नाही" म्हणणाऱ्यांनी सटवाई कोणत्या रूपात येते याचा विचार करावा.

लेकरू दूध ओढेनासं झालं, रडणं बारीक झालं, अंग थंड नाहीतर तापलेलं लागलं, छाती आत खेचली जाते, मिनिटात साठ किंवा जास्त श्वास चालले, तर अंगारा लावून सकाळची वाट पाहायची नाही. अंगारा खिशात ठेवा अन् गाडी बोलवा. जन्मताना अडीच किलोच्या आत असलेल्या लेकराला तर जास्तच जपायचं. त्याला आईच्या, नाहीतर बापाच्या, उघड्या छातीशी कपड्यात बांधून ठेवायचं. बापाची छाती पण तितकीच गरम असते. आजवर किती बापांनी लेकरू असं धरलं, ते ग्रुपवर सांगा बरं.

आणि ज्या माउलींच्या मांडीवरून लेकरू गेलं, किंवा आलंच नाही, त्या हे वाचत असतील. तुमच्या खाण्यानं, झोपण्यानं, ग्रहणानं, कोणाच्या नजरेनं ते झालं नाही. असं तुम्हाला घरात कोणी म्हटलं असेल, तर हा संदेश त्यांना वाचायला द्या. वाचून झाल्यावर परत काही म्हणाले, तर त्यांना मला भेटायला सांगा.

लोधीखेडा, मोहगाव, पिपळा, तिगाव, नांदनवाडीकडच्या ज्या घरी सध्या गरोदर सून आहे, त्यांनी पुढच्या सत्संगाला सासऱ्यांना आणि नवऱ्यांना पाठवावं. सुनेला घरी निवांत झोपू द्यावं.

॥ जय गुरुदेव ॥