दर पायरीवरची हाक



तरुण आईच्या कडेवर तान्हे मूल दिसले की आपल्यातली एखादी वडीलधारी बाई तिला हमखास सांगते, "पोरी, हे दिवस परत यायचे नाहीत. पुरेपूर अनुभवून घे." सल्ला खरा आहे आणि प्रेमाचाही आहे. पण जिला बाळाने रात्रभर झोपू दिले नाही आणि जिला सकाळी वसईहून चर्चगेटची लोकल गाठायची आहे, तिच्या कानाला तो कसा लागत असेल? डबा, कपडे, औषध, ऑफिस यांच्या जोडीला आता 'आनंद घेणे' हेही एक काम होऊन बसते. ते जमले नाही की वर अपराधाची टोचणी. म्हणून आज आपण थोडा विचार करू या. लेकरांसोबतचे रोजचे क्षण जपायचे म्हणजे नेमके काय करायचे? हा सवड असलेल्यांचा आनंद आहे की प्रत्येक आईचे कर्तव्य?

या प्रश्नात आम्हाला एका आईची सोबत घ्यावीशी वाटते. बाळ येशूच्या संत तेरेसाला, म्हणजे लिटल फ्लॉवरला, आपल्या घराघरांत ओळखतात. तिची आई झेली मार्टिन मात्र आपल्याला फारशी ठाऊक नाही. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली व तिचा पती लुई या दोघांना एकत्र संतपद दिले. संत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मठ येतो. झेली मठात नव्हती. फ्रान्समधील आलांसों गावी ती लेसचा धंदा चालवत होती. बायका आपापल्या घरी लेसचे तुकडे विणून आणून देत, ते तुकडे नजरेला सांधा कळू न देता जोडण्याचे नाजूक काम ती स्वतः करी. गिऱ्हाइकांच्या मागण्या, मजुरीचे हिशेब आणि घरात मुले. या लेसने आपले जगणे कठीण केले आहे, अशी तक्रार तिने पत्रांतून केलेली आहे. आम्हाला ही तक्रार महत्त्वाची वाटते. प्रत्येक क्षण गोड मानण्याचे सोंग या संत आईने केले नाही.

तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. भावाला, वहिनीला आणि ल मान्स येथील बोर्डिंगमध्ये शिकणाऱ्या मोठ्या मुलींना लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांत थोर विचार कमी आणि घरातल्या बारीकसारीक गोष्टी जास्त. कोण रुसले, कोणाला ताप आला, धाकटी झोपाळ्यावर कशी बसते. एका पत्रात ती लिहिते की छोटी तेरेसा जिना चढताना दर पायरीवर 'आई' अशी हाक मारते आणि वरून ओ मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढत नाही. ओ दिली नाही तर तिथेच थांबते, पुढेही नाही आणि मागेही नाही.

या जिन्यावर जरा थांबू या. झेली खाली उतरून मुलीला कडेवर घेत नाही. कदाचित हातातली सुई तिने खाली ठेवलीही नसेल. तिने काय दिले? फक्त ओ. पण ती दर पायरीला दिली. मूल आईचा सगळा वेळ मागते असे आपण समजतो. बहुधा ते एवढेच पाहत असते की, हाक मारली तर पलीकडे कोणी आहे का. संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना म्हटले आहे की भूतकाळ मनात आठवण म्हणून असतो, भविष्य अपेक्षा म्हणून आणि वर्तमान लक्ष म्हणून. हे जर खरे असेल, तर जिथे लक्ष नाही तिथे वर्तमानही नाही. शाळेचा प्रवेश, टक्केवारी, क्लास यांच्या काळजीत आपण मुलाच्या भविष्यातच राहतो आणि समोरचे मूल मात्र जिन्यात उभे असते.

मोबाईलवर फोटो काढण्यात वाईट काही नाही. पण पत्र लिहायचे तर आधी पाहावे लागते. फोटो न पाहताही निघतो.

हा प्रश्न आणखी खोल जातो. १८६७ ते १८७० या चार वर्षांत झेलीची चार मुले दगावली. दोन मुलगे, पाच वर्षांची हेलेन आणि दोन महिन्यांची मेलानी. लोक तिला म्हणाले की ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. तिला ते बोलणे सोसवले नाही. वहिनीला लिहिलेल्या पत्रात तिने स्पष्ट सांगितले की त्या मुलांसाठी काढलेल्या खस्तांचा आपल्याला पस्तावा नाही, त्यांच्या चिरंतन सुखापुढे त्या कष्टांचा हिशेब मांडता येत नाही. आपल्या धर्मग्रामातही काही घरांत रिकामा पाळणा आहे. त्या आईला 'दुसरे होईल' असे सांगण्याआधी आपण झेलीचे हे उत्तर आठवावे. थोडे दिवस जगलेले मूल हे थोडेसे मूल नसते.

पवित्र मरियेने सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या, असे संत लूक दोनदा सांगतो. दुसऱ्यांदा हे वाक्य कुठे येते ते पाहावे. बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडत नव्हता, सापडल्यावर त्याने दिलेले उत्तर आईवडिलांना उमगले नाही, त्यानंतर. तिने जे जपले त्यात न कळलेलेही होते, दुखलेलेही होते. तेव्हा आईने जपायचे ते फक्त हसरे क्षण, ही समजूत शुभवर्तमानातली नव्हे.

आणि लेकराला आईने स्वतःच सांभाळले तरच ते खरे प्रेम, असेही कोणी म्हणू नये. तेरेसा तान्ही असताना इतकी अशक्त झाली की झेलीला तिला सुमारे वर्षभर खेड्यातल्या दाईकडे ठेवावे लागले. बाजाराच्या दिवशी दाई तिला आईकडे सोडून लोणी विकायला गेली, तर बाळ रडून आकांत करू लागले. बाजारात दाई दिसल्यावरच ते हसले. झेलीने हेही पत्रात लिहून ठेवले, रागावून नव्हे. मूल ज्या कुशीत वाढते आहे, त्या कुशीचा हेवा न करणे हेदेखील जपणेच आहे. पाळणाघरात किंवा आजीकडे मूल ठेवून कामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुरुष मंडळींनाही एक सांगायचे आहे. लुई घड्याळजी होता. १८७० मध्ये त्याने आपले दुकान विकले आणि तो पत्नीच्या धंद्याला हातभार लावू लागला. 'हे दिवस अनुभवून घे' असा उपदेश करणाऱ्या नवऱ्याने रात्रीची भांडी घासली, तर तो उपदेश बायकोला लवकर पटेल.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने झेली वारली. तेरेसा तेव्हा साडेचार वर्षांची होती. पुढे १८९५ मध्ये, मठात मदर झालेल्या पोलिन या बहिणीच्या सांगण्यावरून, ती आपल्या बालपणाविषयी लिहू लागली. जे तिला स्वतःला आठवणे शक्य नव्हते ते तिने आईच्या पत्रांतून उतरवून घेतले. जिन्याची हकिकतही त्यातच आहे.