कसे वाटते आहे?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि पेणच्या एका शाळेत मुलांना रंग कालवायला शिकवतो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्यापीठाची पायरी मी कधी चढलो नाही. त्यामुळे तेथे शिकणारी मुले येऊन मला सल्ला विचारू लागली म्हणजे संकोच वाटतो आणि, खोटे कशाला सांगू, थोडा आनंदही होतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर अशीच एक जुनी विद्यार्थिनी आली. खारेपाटातल्या आगरी घरातली मुलगी. वडील मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. ही मुंबईला पत्रकारिता शिकते, त्यातही रेडिओ-दूरचित्रवाणीची. पहाटे दिव्याकडे जाणारी गाडी धरायची, रात्री त्याच मार्गाने परतायचे.

"सर, एक नोकरी चालून आलीय. घेऊ का नको, तेवढं सांगा."

नोकरी एका वृत्तवाहिनीतली. त्याच वाहिनीत तिने पदवीच्या वर्गात असताना उमेदवारी केली होती, आणि जुलै २०२३ मध्ये तिला इर्शाळवाडीला धाडले होते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ही ठाकरांची वाडी. १९ जुलैच्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे चढेनात; माणसांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २३ तारखेला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे मातीखालीच राहिली होती.

ही मुलगी पायथ्याशी उभी. हातात बूम, कानात कचेरीचा फोन, आणि फोनवर एकच मागणी : बाइट हवा. बाइट म्हणजे पीडिताच्या तोंडचे दहा-वीस सेकंदांचे बोलणे. (या धंद्याने आपल्या कामाला 'चावा' हे नाव स्वतःच निवडले, हे मला नेहमी फार प्रामाणिकपणाचे वाटत आले आहे.) तिला एका दगडावर बसलेला म्हातारा दिसला. तिने बूम त्याच्यापुढे धरला आणि वर्गात शिकवलेल्या शुद्ध मराठीत विचारले, "बाबा, कसं वाटतंय तुम्हाला?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले आणि तो दगडावर थोडा बाजूला सरकला. पोर दमली आहे, बसायला जागा मागते आहे, अशी त्याची समजूत झाली.

ते चित्रण उपयोगी पडले नाही. त्यात शब्द नव्हते. तिला बोलणी बसली ती वेगळीच.

मी तत्काळ सांगितले, "नको घेऊस." असे सांगताना मला स्वतःविषयी बरे वाटले, आणि तेथेच मी सावध व्हायला हवे होते.

मी तिला माझ्या लहानपणची गोष्ट सांगू लागलो. जुलै १९८९. आम्ही तेव्हा रोह्याला राहत होतो. अंबा नदीला पूर आला आणि जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. माझी आत्या तेथे दिलेली. बातम्यांच्या वेळी वडील रेडिओला कान लावून बसत. निवेदकाचा आवाज अगदी संथ : गाव, नदी, आकडा. त्या आवाजात हुंदका नव्हता, म्हणून आमच्या घरात रडायला जागा उरली. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे बातम्या देत, तीही तशाच धीम्या आवाजात. आणि ३१ जानेवारी १९४८ ला मेलव्हिल डी मेलो यांनी गांधीजींच्या अंत्ययात्रेचे धावते वर्णन सुमारे सात तास केले, ते राष्ट्राचे दुःख स्वतःच्या गळ्यातून वाहून नेत. रडणाऱ्याच्या तोंडापुढे यंत्र धरून नव्हे. असे बरेच मी बोललो.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, रेडिओनं आकडा सांगितला. तुमच्या आत्याचं काय झालं, ते कुणाला कळलं?"

कळले, मीच कळवले. आतोबा पुरात गेले. त्यांची छत्री तेवढी चिखलात सापडली. एका रात्री आत्या माझ्या आईला म्हणाली, "त्यांच्या छत्रीला अजून पुराचा वास येतो." मी शेजारी झोपेचे सोंग घेऊन पडलो होतो. चौदा-पंधरा वर्षांनी ते वाक्य जसेच्या तसे मी माझ्या पहिल्या कादंबरीत घातले. लोकांना तेच सर्वांत आवडले. आत्याने कादंबरी वाचली. ती मला काही बोलली नाही. फक्त त्यानंतर माझ्यासमोर तिने आतोबांचे नाव काढले नाही. माझ्या हाती बूम नव्हता, एवढाच काय तो फरक. किंबहुना त्या म्हाताऱ्याला यंत्र दिसत तरी होते आणि गप्प राहण्याची मुभा होती. आत्याला मी तीही दिली नाही.

हे मी तिला सांगितले. वाटले, आता तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल. पण ती तिच्याच विचारात होती.

"ती वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीतसुद्धा नव्हती, सर. सरकारनंच सांगितलं. आधी कुणी माईक घेऊन वर गेलं असतं तर? मला तसं जायचंय. पण तसं कुणी पाठवत नाही." मग जरा थांबून, "आणि त्या बाबांना मी आपल्या बोलीत विचारलं असतं, तर ते बोलले असते कदाचित."

तिची बोली आवाजाच्या वर्गात घासून काढलेली. 'ड'च्या जागी येणारा 'र' आता येत नाही. ते काम विद्यापीठाने पुरे केले, पण आरंभ माझ्या वर्गात झाला होता : तिने 'घोरा' म्हटले की मुले हसत, आणि मीही हसत असे.

मी माझा 'नको' मागे घेतला. 'घे' मात्र म्हणवले नाही. तिच्या घरी शिक्षणाचे कर्ज आहे, पाठची बहीण आहे. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, त्याने दुसऱ्याला नकार सुचवणे सोपे असते. शिवाय ती गेली नाही तरी तो बूम कोणाच्या तरी हाती जाणारच, हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रत्येक वाईट कामाला तो लागू पडतो. पण ती गेली तर त्या जागी निदान एक लाज असलेला माणूस असेल, हे मला खोडता आले नाही. लाज या धंद्यात किती वर्षे टिकते, ते मात्र ठाऊक नाही. माझ्या धंद्यात ती पहिल्या पुस्तकालाच गेली.

तिने नोकरी घेतली. यंदाच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती पडद्यावर दिसली. रोह्याला सखल भागात कुंडलिकेचे पाणी शिरले होते. एक दुकानदार दारात उभा होता, मागे भिजलेली पोती. तिने विचारले, "पाणी कुठवर आलं होतं?" त्याने भिंतीवर बोट ठेवले, आणि कॅमेरा भिंतीवरच्या त्या ओल्या रेघेवर गेला. सगळे मिळून आठ-दहा सेकंद. पुढे जाहिरात लागली.

त्याआधी तिने त्याला आणखी काही विचारले होते काय, आणि ते कापले गेले होते काय, हे मी तिला अजून विचारलेले नाही.