चार्टमध्ये न लिहिलेलं

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटने, म्हणजे पीएने, राज्य बदलायचं ठरवलं की आधी कागदपत्रांच्या मागे लागावं लागतं. परीक्षा देशभर एकच आणि प्रमाणपत्रही सगळीकडे चालतं, पण लायसन्स मात्र ज्या त्या राज्याचं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं रुग्ण तपासले तरी त्या लायसन्सवर नॉर्थ डकोटात ब्लडप्रेशरची साधी गोळीही लिहून देता येत नाही. शिवाय नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय संस्थेची नोंदणीही त्या राज्याची हवी. मग नव्या संस्थेचं क्रेडेन्शिअलिंग, म्हणजे पात्रतेची पडताळणी, त्यात तीन-चार महिने सहज जातात. राज्याराज्यांनी एकमेकांच्या पीएंना मान्यता द्यावी असा एक करार आहे. 2024 मध्ये सात राज्यांचा आकडा पूर्ण होऊन तो अस्तित्वातही आला, पण यंत्रणा उभी राहायला वेळ लागतो. ज्याला तोवर निघायचंय त्याला जुनीच वाट.

मी सध्या त्याच वाटेवर आहे. एका मोठ्या शहरी क्लिनिकमधून नॉर्थ डकोटातल्या एका लहान गावच्या क्लिनिकमध्ये निघाले आहे. नॉर्थ डकोटाने 2019 मध्ये पीएला एका ठरावीक डॉक्टरशी लेखी करार करण्याच्या अटीतून मोकळं केलं. ग्रामीण भागात काम करू पाहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. डॉक्टर निवृत्त झाला किंवा गाव सोडून गेला, तर त्याच्याबरोबर पीएचंही काम थांबावं, ही वेळ तिथे येत नाही.

जागा बदलणं या पेशाच्या स्वभावातच आहे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार कॉर्प्समनना घेऊन पहिला वर्ग सुरू केला, तेव्हा देशात डॉक्टर कमी पडत होते आणि लष्करात वैद्यकीय काम शिकून आलेल्या या माणसांना नागरी आयुष्यात जागा नव्हती. त्या गरजेतून घडलेला माणूस एका खुर्चीला चिकटून बसणारा नव्हताच. आजही पीए नवी पदवी न घेता हृदयरोगातून अस्थिरोगात किंवा तातडीच्या विभागातून जनरल प्रॅक्टिसमध्ये जाऊ शकतो. हे मी मोठं भाग्य मानते. पण या मोकळेपणाची किंमत बऱ्याचदा मागे राहिलेला रुग्ण चुकवतो, आणि त्याबद्दल आम्ही आपसात फार कमी बोलतो.

माझ्याकडे येणाऱ्या एक मराठी आजी आहेत. मुलाकडे राहतात, मधुमेह जुना आहे. तपासणीला मुलगा बरोबर येतो आणि त्यांच्या वतीने इंग्रजीत सगळं सांगतो. आजींना काही विचारलं की उत्तर एकच, "बरंय." सकाळी साखर कधीकधी एकदम खाली का जाते, हे कोणालाच समजत नव्हतं. एकदा मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा मी मराठीत विचारलं, "आजी, उपास कोणकोणते असतात?" मग एकेक निघालं. दोन एकादश्या, संकष्टी, शिवाय सोमवार. त्या दिवशी सकाळी पोटात काही नाही, पण साखर उतरवणारी ग्लिपिझाइडची गोळी मात्र नेमाने, कारण डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चुकवायची नाही. मग दुपारी साबुदाण्याची खिचडी, की साखर आभाळाला. उपास सोडा म्हणायचा प्रश्नच नव्हता. उपासाच्या सकाळची गोळी थांबवली, खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि ताक असं ठरवलं, तेही भाताची वाटी मोजून, आणि साखर ताळ्यावर आली.

यातलं चार्टमध्ये काय होतं? "गोळीत बदल केला," एवढंच. उपास माझ्या डोक्यात होते. मी गेल्यावर माझ्या जागी येणारा पीए हुशार असेल, मनापासून काम करणारा असेल, पण एकादशी म्हणजे काय हे त्याला कसं माहीत असणार? तो गोळी पुन्हा रोजची करेल आणि त्याचं काही चुकलंय असंही म्हणता येणार नाही.

म्हणून सध्या संध्याकाळी पॅकिंग बाजूला ठेवून मी माझ्या जुन्या रुग्णांचे चार्ट उघडते आणि डोक्यात राहिलेलं त्यांत लिहून काढते. कोणाला बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून इन्सुलिन बायको भरून देते. कोण औषध परवडत नाही म्हणून दिवसाआड घेतो, पण ते सांगायला लाजतो. शेवटच्या आठवड्यांत मागवलेल्या प्रत्येक तपासणीपुढे कोणाचं तरी नाव लिहिते. नाहीतर रिपोर्ट माझ्या नावावर येतो, माझं खातं बंद झालेलं असतं आणि एखादी बायोप्सी न वाचलेली पडून राहते. तसं झालं तर त्यात कोणाचा जीवही जाऊ शकतो. नोकरी सोडणाऱ्याला एचआर लॅपटॉप परत करायची तारीख आठवणीने सांगतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

उपचारातल्या चुकांसाठी आमचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना हे बरोबर कळतं. क्लेम्स-मेड पॉलिसी, म्हणजे चालू असताना आलेल्या दाव्यांपुरतीच पॉलिसी, असेल तर नोकरी सोडताना पुढच्या दाव्यांसाठी टेल कव्हरेज घ्यावं लागतं, कारण आज केलेल्या उपचाराबद्दलचा दावा दोन वर्षांनीही येऊ शकतो. त्याचे पैसे कोण भरणार, हे करारावर सही करतानाच विचारून घ्यावं. नंतर विचारलं तर ते बहुतेक वेळा आपल्याच अंगावर येतात. माणूस निघून गेला तरी त्याच्या कामाची जबाबदारी मागे उरते, हे त्या पॉलिसीत रोखठोक लिहिलेलं असतं.

नव्या गावात मी मुलाखतीसाठी जाऊन आले. वेटिंग रूममधल्या एका वयस्कर शेतकऱ्याने माझं नाव विचारण्याआधी विचारलं, "तुम्ही किती दिवस राहणार?" अशा गावांत शिक्षणाचं कर्ज फेडून मिळावं म्हणून दोन वर्षांच्या बोलीवर माणसं येतात, मुदत संपली की बरीचशी जातात, आणि गावकरी पुन्हा पहिल्यापासून आपला आजार सांगायला बसतात. त्या शेतकऱ्याला मी कायमचं वचन दिलं नाही, कारण ते खरं ठरेलच असं नाही. एवढंच म्हटलं, "जायची वेळ आली तर तुम्हाला आधी सांगेन, आणि तुमच्याबद्दल मला जे कळलंय ते सगळं चार्टमध्ये लिहून जाईन." त्याने मान हलवली आणि मग गुडघ्याचं सांगायला लागला.