ग्रंथकारास प्रश्न विचारावा कीं न विचारावा?

एखादा ग्रंथ वाचून झाला म्हणजे तो लिहिणारास पाहावें, त्याच्याशीं चार शब्द बोलावे, अशी इच्छा वाचकाच्या मनांत उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. पूर्वीं ही इच्छा पुरविण्यास पत्र किंवा प्रवास यांवांचून साधन नव्हतें. आतां नभोवाणी, दूरचित्रवाणी व व्याख्यानमाला यांच्या द्वारें इतिहासकार, राजकारणाचे अभ्यासक व समाजशास्त्रज्ञ आपण होऊन आपल्या भेटीस येतात, आणि त्यांच्या मुलाखती ऐकणें हा सुशिक्षित कुटुंबांतील एक आवडीचा छंद होऊन बसला आहे. यांत आनंद आहे व लाभही आहे. परंतु या मुलाखतींच्या पोटीं नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. तो असा कीं, जो ग्रंथकार आपणांपुढें पाहुणा म्हणून बसला आहे, त्यास त्याच्या ग्रंथांतील उणें उघडें पाडणारा प्रश्न चारचौघांत विचारणें योग्य आहे काय?

लिहिलेल्या शब्दाविषयीं एक फार जुनी तक्रार आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' नामक संवादांत सॉक्रेटीस जें सांगतो त्याचा आशय असा कीं, लेख हा चित्रासारखा असतो. चित्रांतील माणसें जिवंत भासतात, पण त्यांस कांहीं विचारलें तर तीं गंभीरपणें गप्प राहतात. ग्रंथासही प्रश्न केला तर तो पूर्वीं सांगितलेलेंच पुन्हां सांगतो. ग्रंथकाराची मुलाखत हा या तक्रारीवरील उपाय होय, कारण तेथें मुक्या ग्रंथास वाचा फुटते. मात्र ग्रंथकारानें पृष्ठावरील मजकूरच गोड आवाजांत म्हणून दाखविला आणि समोरच्यानें मान डोलाविली, तर त्या वाचेचा उपयोग तो काय? चित्र चित्रच राहिलें. फार तर त्यास चौकट नवी मिळाली.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कादंबरीकाराशीं बोलणें निराळें आणि इतिहासकाराशीं बोलणें निराळें. कादंबरीकारानें आपल्या नायिकेस विष देऊन मारलें, तर 'हें कशावरून?' असें त्यास कोणी विचारीत नाहीं. ती सृष्टि त्याची, व तिचा धनीही तोच. परंतु अमुक सालीं अमुक माणसास फांसावर चढविलें, असें ज्यानें लिहिलें त्यानें वाचकाचा विश्वास उसना घेतला आहे. ती घटना त्याच्या मालकीची नव्हे. जे मेले त्यांची ती आहे, आणि त्यांस स्वतःची बाजू सांगण्यास येतां येत नाहीं. म्हणून 'कशावरून?' हा प्रश्न इतिहासकारास विचारणें म्हणजे त्याची बेअदबी करणें नव्हे. त्यानें पतकरलेल्या जबाबदारीचा तो केवळ उच्चार आहे.

हा प्रश्न विचारण्यास आवाज चढवावा लागतो असेंही नाहीं. अमेरिकेंत सी-स्पॅन या वाहिनीवर ब्रायन लॅम्ब या गृहस्थांनीं १९८९ पासून २००४ पर्यंत 'बुकनोट्स' नांवाचा कार्यक्रम चालविला. आठवड्यास एक ग्रंथकार, एक ग्रंथ व एक तास, असा त्याचा नेम होता. कथा-कादंबऱ्यांस तेथें जागा नव्हती. इतिहास, चरित्र, राजकारण व समाजस्थिति हेच त्याचे विषय. एकदां येऊन गेलेल्या ग्रंथकारास पुन्हां बोलवावयाचें नाहीं, असा दंडक असल्यामुळें त्या पंधरा वर्षांत ८०१ मुलाखती झाल्या. लॅम्ब हे ग्रंथ आधीं साद्यंत वाचीत आणि मग अगदीं साधे प्रश्न विचारीत. हें कोठें बसून लिहिलें? कशानें लिहिलें? हे कागद कोठें सांपडले? अर्पणपत्रिकेंतील हें नांव कोणाचें? कित्येक पंडितांस हे प्रश्न बालिश वाटले असतील. परंतु ग्रंथ कसा घडला हें सांगतां सांगतां ग्रंथकार आपला पुरावा कोठून आला व किती आला हेंही सांगून जातो. पाककृतीची स्तुति करण्यापेक्षां धान्य कोणत्या बाजारचें हें विचारणारी गृहिणी अधिक जाणती असते, त्यांतलाच हा प्रकार.

तथापि सर्वच प्रसंग इतके सौम्य नसतात. मे २०१९ मध्यें बी. बी. सी. च्या 'रेडिओ थ्री' वर नाओमी वुल्फ या लेखिकेची मुलाखत झाली. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या कायद्यानें पुरुषांच्या परस्पर प्रेमसंबंधांचा कसा छळ केला, हा त्यांच्या 'आउटरेजेस' या नव्या ग्रंथाचा विषय होता. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या जुन्या दप्तरांत अनेक आरोपींच्या नांवापुढें 'मृत्युदंडाची नोंद' अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यांवरून कांहीं डझन पुरुषांस फांशीं दिलें गेलें, असा त्यांचा समज झाला होता. मुलाखत घेणारे मॅथ्यू स्वीट यांनीं तें दप्तर व त्या काळचीं वृत्तपत्रें स्वतः चाळलीं होतीं. १८२३ च्या एका कायद्यानें न्यायाधीशांस अशी मुभा मिळाली होती कीं, खुनासारखे गुन्हे वगळून इतर प्रकरणीं मृत्युदंड तोंडानें उच्चारूं नये, नुसता नोंदवावा. असा नोंदविलेला दंड अमलांत यावयाचा नाहीं, हेंच त्या नोंदीचें मर्म होतें. म्हणजे जे शब्द फांशीचे वाटले ते वास्तविक जीवदानाचे होते. १८५९ सालच्या एका चौदा वर्षांच्या मुलाचें प्रकरण स्वीट यांनीं पुढें ठेवलें. लेखिकेनें त्यास फांशीं गेलेला मानलें होतें, आणि तो फांशीं गेला नव्हता. या गोष्टीचा शोध घेणें महत्त्वाचें आहे, असें लेखिकेनें तेथल्या तेथें कबूल केलें. पुढें ग्रंथांत दुरुस्ती झाली, व अमेरिकेंतील प्रकाशकानें आपली आवृत्ति रद्द केली.

ही मुलाखत ऐकतांना पुष्कळांच्या अंगावर कांटा आला असेल. कित्येक वर्षांचे श्रम, आणि ते एका प्रश्नासरशीं सर्वांदेखत ढांसळावे! इतकें क्रौर्य कशाला, आधीं खाजगी पत्र लिहून सांगतां आलें नसतें काय, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं, व आम्ही त्याकडे पुढें वळणारच आहों. पण त्या प्रकरणांतील आणखी एक पक्ष विसरूं नये. जेम्स प्रॅट व जॉन स्मिथ या दोघांस लंडनमध्यें याच आरोपावरून १८३५ सालीं खरोखर फांशीं दिलें होतें. त्या आरोपावरून इंग्लंडांत झालेली ती शेवटची फांशी. न झालेल्या फांशींची भर घालून ज्या छळाचा निषेध करावयाचा, तो छळ त्यामुळें अधिक खरा होत नाहीं. उलट प्रॅट व स्मिथ यांचें खरें दुःखच संशयाच्या छायेंत जातें. तेव्हां स्वीट यांच्या प्रश्नानें लेखिकेस लाजविलें असेल, पण मृतांचें तें संरक्षणच होतें.

आपल्याकडे पाहुण्याचा मान फार मोठा मानतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्ञानाच्या सभेंत पाहुण्यास प्रश्नांपासून सूट मिळावी, अशी आपली परंपरा नाहीं. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त मांडतां येत नाहीं. बृहदारण्यकोपनिषदांत जनकाच्या सभेंत गार्गीनें याज्ञवल्क्यास प्रश्नामागून प्रश्न केले. अधिक विचारशील तर मस्तक गळून पडेल, अशी तंबी मिळाल्यावर ती क्षणभर गप्प बसली, पण पुन्हां उठली आणि आणखी दोन प्रश्न विचारून मगच तिनें त्याचें श्रेष्ठत्व मान्य केलें. तिच्या मान्यतेस किंमत आली ती तिनें आधीं विचारलें म्हणून.

हें सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें मात्र कोणी समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत एका चरित्रकाराशीं संभाषण करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. ग्रंथ एका संस्थानच्या दिवाणावर होता व लोकप्रिय झाला होता. त्यांत दुष्काळाच्या सालीं शेतसारा माफ करावा म्हणून दिवाणानें राजास लिहिलेलें एक पत्र छापलें होतें. तें वाचून आमचे डोळे भरून आले. पण तें कोणत्या दप्तरांतलें, कोणत्या रुमालांतलें, याचा उल्लेख ग्रंथांत कोठेंच नव्हता. विचारावें असें आम्हीं ठरविलें होतें. सभेपूर्वीं चहा झाला, गप्पा रंगल्या. ग्रंथकाराच्या वृद्ध मातोश्री पुढील रांगेंत येऊन बसल्या. आम्हीं विचारलें, "आपणांस या लेखनाची प्रेरणा कशी झाली?" टाळ्या झाल्या व सभा उत्तम पार पडली.

तीन वर्षांनीं आमच्याच एका विद्यार्थिनीनें त्या पत्राच्या पायावर आपल्या प्रबंधाचें एक प्रकरण उभारलें. दोन उन्हाळे तिनें दप्तरखान्यांत काढले. मूळ पत्र मिळालें नाहीं, तेव्हां छापील ग्रंथाचाच आधार तिनें दिला. तोंडी परीक्षेच्या वेळीं परीक्षकांनीं विचारलें, "हें कशावरून?" तिनें ग्रंथाचें नांव सांगितलें. "आणि त्या ग्रंथास आधार काय?" ती निरुत्तर झाली, प्रकरण काढून टाकावें लागलें. नंतर आमच्या खोलींत येऊन ती एवढेंच म्हणाली, "सर, त्या दिवशीं तुम्ही त्यांच्या शेजारींच बसला होतां ना?"

त्या ग्रंथकारानें पत्र रचलें असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् एखाद्या घराण्याच्या खाजगी संग्रहांत तें त्यांस मिळालें असेल, व आम्हीं विचारतांच त्यांनीं आनंदानें तसें सांगितलें असतें. म्हणजे न विचारण्यांत आम्हीं त्यांच्यावरही अन्यायच केला. उत्तर देण्याची संधि आम्हीं त्यांस दिली नाहीं. जें सौजन्य आम्ही त्यांच्याशीं केलें असें समजत होतों, तें वास्तविक आमच्या स्वतःच्या संकोचाशीं केलेलें होतें, आणि त्याचा भुर्दंड एका मुलीवर पडला.

आतां उलट बाजूचा धोका. प्रश्न विचारणाऱ्यासही अहंकार असतो. ग्रंथकारास चीत केल्याचा आनंद हा सत्याच्या आनंदाहून निराळा व बराच हलका आहे. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा स्नेह या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एक बंगालचा, एक महाराष्ट्राचा. मराठ्यांच्या राज्याविषयीं दोघांचे निष्कर्ष अनेक ठिकाणीं जुळत नसत. तरी सुमारें अर्धशतक त्यांचा पत्रव्यवहार चालला. साधनांची देवाणघेवाण व मतांची परखड तपासणी हीं दोन्हीं त्यांच्या मैत्रींत एकत्र नांदलीं. मतभेद पुसला गेला नाहीं. आणि मैत्रीही तुटली नाहीं. प्रश्न विचारणारास ग्रंथकाराइतकेच श्रम पडले असतील, तर त्या प्रश्नांत विष राहत नाहीं, असें यावरून आम्हांस वाटतें.

तेव्हां मागें सांगितलेल्या आक्षेपास आमचें उत्तर असें: प्रश्न आधीं कळवावा कीं सभेंत विचारावा, हा रीतीचा प्रश्न आहे, व त्यांत प्रसंग पाहून वागावें. परंतु विचारावा कीं न विचारावा, हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तेथें आम्हांस दुसरा मार्ग दिसत नाहीं.

पुढील महिन्यांत एका इतिहासग्रंथाच्या लेखकाशीं बोलण्याचें निमंत्रण आम्हांस पुन्हां आलें आहे. ग्रंथ आम्हीं दोनदां वाचला. एका प्रकरणांतील आंकडे कोठून आले हें आम्हांस उमगलें नाहीं. तसें आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें आहे, व हा प्रश्न सभेंत विचारणार आहों हेंही त्या पत्रांत लिहिलें आहे.