हरिकथा आणि घरकथा

गेल्या मार्गशीर्षात अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे आपल्या जुन्या नगरकडील, एका गावी आम्ही सप्ताहाला गेलो होतो. तिसऱ्या रात्रीचे कीर्तन आटोपून बिऱ्हाडी आलो, पाय धुतले, तोच एक वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, धोतर, हातात काठी. निवृत्त शिक्षक; धर्माने ख्रिस्ती. त्या मुलुखात ख्रिस्ती मंडळी कीर्तनाला येऊन बसतात यात नवल काही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, परंतु अभंग आणि भजन त्यांनी मागे टाकले नाही, बरोबर नेले.

गुरुजी म्हणाले, "बुवा, एक अडचण घेऊन आलोय. आमच्याकडे रविवारची उपासना झाली, की मंडळी अंगणात चहा घेत बसतात. मग काय, कांद्याचा भाव, पोरांच्या नोकऱ्या, कोणाच्या सुनेचं काय झालं, इलेक्शन. जुनी माणसं म्हणतात, देवाच्या दारात हे नको. पोरं म्हणतात, बोलायचंही नसेल तर यायचं कशाला? मागल्या निवडणुकीपासून त्या चहावरून दोन घरांत अबोला आहे. आता पंचांनी माझ्यावर सोपवलंय, की नियम लिहून द्या. तुमच्या दिंडीत कसं करता?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "आमच्या दिंडीत प्रपंच बोलायला बंदी आहे. खांद्यावरचा वीणा खाली ठेवायचा नाही, आणि मुखी दुसरा विषय आणायचा नाही."

"मग तुमचं बरं आहे," एवढेच गुरुजी म्हणाले आणि उद्या येतो म्हणून गेले.

ते 'बरं आहे' आम्हांला टोचले. कारण आम्ही सांगितले ते नियम म्हणून खरे होते, हकीकत म्हणून नव्हे. वाचक वारकरी सज्जनांना आम्ही काय सांगावे! दुपारच्या विसाव्याला झाडाखाली टेकलेली दिंडी काय बोलते ते सर्वांस ठाऊक आहे. पाऊस कुठवर आला, पेरण्या झाल्या का, जावई नीट वागतो का. आणि अलीकडे खिशातला मोबाइल टाळापेक्षा मोठ्याने वाजतो, तेही असो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते एक पातळसे पुस्तक घेऊन. इटलीत सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाचे सत्पुरुष होऊन गेले. मोंते कासिनो नामक डोंगरावर त्यांनी मठ स्थापिला आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांचा नियमग्रंथ सिद्ध केला. आज जवळजवळ १५०० वर्षे झाली, त्या नियमांवर चालणारे मठ अद्यापि आहेत. पुस्तक इंग्रजीत होते. गुरुजी वाचीत, मराठीत सांगत, आम्ही ऐकत होतो.

त्यात मौनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रिकामी बडबड आणि लोकांना हसविण्यासाठी केलेली थट्टा मठात कायमची वर्ज्य. रात्रीची शेवटची प्रार्थना झाली की कोणी कोणाशी बोलावयाचे नाही. जेवणाच्या वेळी एकाने ग्रंथ वाचावा, इतरांनी तो ऐकत जेवावे, काही लागले तर खुणेने मागावे. आणि जो कामानिमित्त बाहेर जाऊन आला असेल त्याने तिकडे पाहिले-ऐकले ते आत येऊन सांगत बसू नये. त्याने फार नासाडी होते, असा अनुभव ग्रंथकारांनी नोंदविला आहे. हे शेवटचे ऐकून आम्ही मांडीवर थाप मारली. "गुरुजी, हा तर आमचाच पक्ष! मग तुम्ही विचारायला इथे कशाला आलात?"

परंतु गुरुजी हाडाचे शिक्षक. पूर्वपक्ष पुरा मांडून झाल्याशिवाय ते उत्तरपक्षाला हात घालीत नव्हते. त्याच ग्रंथात, ते म्हणाले, असेही आहे की मठापुढे काही महत्त्वाचे काम आले तर मठाधिपतींनी सर्वांना बोलवावे आणि सर्वांचे ऐकावे, अगदी धाकट्याचेसुद्धा. कारण पुष्कळदा देव चांगले ते धाकट्याला सुचवितो. कोठारावर जो भाऊ नेमलेला असेल त्याच्याकडे कोणी काही मागितले आणि कोठारात ते नसले, तर निदान एक गोड शब्द तरी द्यावा. दारावर एक शहाणा म्हातारा बसवावा. गरिबाने बाहेरून हाक दिली की त्याने आधी देवाचे आभार मानावे, मग विचारपूस करावी. म्हणजे मौनाचे प्रकरण लिहिणाऱ्या त्याच हाताने धान्याचे, पाहुण्याचे आणि भिकाऱ्याचे बोलणेही लिहिले आहे, आणि तेही देवाच्याच कामात धरले आहे.

मग गुरुजींनी एक गंमत सांगितली. पुढे क्लूनी वगैरे मठांत मौन इतके कडक झाले की भाकरीला एक खूण, माशाला एक खूण, अशा हाताच्या खुणांच्या याद्याच तयार झाल्या. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड म्हणून एक विद्वान धर्मगुरू इंग्लंडात कँटरबरीच्या मठात जेवायला बसला. पाहतो तो काय, तोंडे बंद, पण हातवारे, शिट्ट्या आणि खाणाखुणा अशा चाललेल्या की आपण मठात आहोत का तमाशाला आलो आहोत, हेच त्याला कळेना! त्यापेक्षा चार शब्द नीट बोलला असता तर अधिक शोभले असते, असे त्याने लिहून ठेवले. आम्ही खूप हसलो. पण त्या हसण्यातही आमची एक एकादशी आम्हांला आठवली. त्या दिवशी आम्ही मौन धरले होते आणि पाटीवर लिहून लिहून घरच्यांना दिवसभर राबविले होते.

बंदी घातल्याने तोंड रिकामे राहत नाही, हे पाद्री लोकांना आपल्या या किनाऱ्यावरही अनुभवास आले होते. गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात आरंभीच एक ब्राह्मण विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वाचू देत नाही, तर मग आमच्यासाठी दुसरे पुराण का करीत नाही? इंग्लंडात जन्मलेल्या त्या माणसाने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण केले, त्याच्या मुळाशी ही मागणी होती. एक कथा काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते. नाही दिली तर माणूस शेजाऱ्याची काढतो.

येथे आम्ही आमच्या शिक्षणातले काही गुरुजींना सांगितले. न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य जाणण्यासाठी बोलणे तो वाद. जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढणे ती वितंडा. आता पाहा, यातल्या एकाही लक्षणात विषय कोणता असावा हे सांगितलेले नाही. ब्रह्मावर बोलूनही वितंडा होते. दोन कीर्तनकार द्वैत-अद्वैतावर तावातावाने बोलत असले आणि पोटात बिदागीचा मत्सर असला, तर तो प्रपंचच, बरे का! उलट एखादी बाई दुसरीला 'तुझ्या गाईचा पान्हा आला का?' म्हणून विचारते, त्या विचारण्यात कधी कधी पांडुरंग स्वतः उभा असतो. तेव्हा अध्यात्माचे बोलणे एका टोपलीत आणि संसाराचे दुसरीत, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे ती विषयावरून केली आहे. ती वृत्तीवरून करावयास हवी होती.

आणि सतत ताणही चालत नाही. आमच्या पाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी असे अनध्यायाचे दिवस असत. त्या दिवशी ग्रंथ बंद. आमचे गुरू ओसरीवर बसून आंब्याच्या कलमांबद्दल बोलत आणि आम्ही पोरे भोवती बसून ऐकत असू. शास्त्र त्यांच्याकडून शिकलो, पण त्यांच्याजवळ बसायला शिकलो ते अनध्यायाला. गुरुजींनी यास जोड म्हणून कॅसियन नावाच्या पाचव्या शतकातील साधूने लिहिलेली गोष्ट सांगितली. योहान म्हणजे येशूचा प्रिय शिष्य. तो एक तित्तिर पक्षी हातात घेऊन कुरवाळीत बसला होता. एक पारधी ते पाहून चकित झाला, की एवढा मोठा साधू आणि असल्या खेळात! योहानाने त्याला विचारले, तुझे धनुष्य तू नेहमी चढवून का ठेवीत नाहीस? पारधी म्हणाला, चढवून ठेवले तर त्यातला जोर जाईल. झाले, उत्तर त्याचे त्यानेच दिले.

इथवर आमचा संवाद मजेत चालला होता. मग गुरुजींनी स्कोलास्तिकेची कथा सांगितली आणि आमचे बोलणे थांबले.

स्कोलास्तिका ही बेनेडिक्टांची बहीण, तीही व्रतस्थ. वर्षातून एकदा बहीण-भाऊ मठाबाहेरच्या एका घरी भेटत आणि दिवसभर देवाच्या गोष्टी बोलत. शेवटच्या भेटीच्या वेळी संध्याकाळ झाली तेव्हा ती म्हणाली, दादा, आजची रात्र राहा, पहाटेपर्यंत बोलू. भाऊ म्हणाले, छे, रात्री मठाबाहेर राहणे नियमात नाही. ती काही बोलली नाही. हात जोडून, त्यावर डोके टेकून तिने प्रार्थना केली. स्वच्छ आकाशातून असा पाऊस कोसळला की भावाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. रात्रभर दोघे बोलत बसले. तिसऱ्या दिवशी बहीण गेली. पोप ग्रेगरी यांनी ही कथा लिहिली आहे, आणि बेनेडिक्टांविषयी एवढा आदर असूनही ते म्हणतात की त्या रात्री बहिणीचे चालले, कारण तिचे प्रेम अधिक होते.

आम्हांला लोणंद आठवले. सज्जनहो, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. वरचे सर्व त्याचे मंगलाचरण समजा.

२०१९ सालची वारी. नीरास्नान होऊन माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी आलेली. लोणंद म्हणजे कांद्याची पेठ. आमच्या दिंडीतील एक वारकरी, पन्नाशीचा, अबोल मनुष्य, रात्री आमच्या राहुटीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "महाराज, कांद्याचा भाव काय म्हणतोय इथं?" आम्ही हरिपाठाचे निरूपण मनात जुळवीत होतो. आम्ही म्हणालो, "माउली, कांदा घरी ठेवून यायचा असतो वारीला. नाम घ्या." चारचौघे हसले. तो उठला. पंढरपूरपर्यंत त्याने टाळ वाजविला, बोलला मात्र कोणाशी नाही.

कार्तिकीला त्याच्या गाववाल्याकडून कळले. त्याचा मुलगा चैत्रात घर सोडून गेला होता, आणि लोणंदच्या बाजारात हमाली करतो अशी कुणकुण बापाच्या कानी आली होती. तिथल्या आडत्यांशी आमची ओळख आहे. त्यांच्यापैकी एकाकडे दिंडीची पंगत असते. आम्ही एक शब्द टाकावा, एवढेच त्याला मागावयाचे होते. पण आपला शेतकरी माणूस 'माझा मुलगा हरवला' असे एकदम म्हणत नाही. तो कांद्यापासून सुरुवात करतो. आम्ही त्याला कांद्याशीच अडविले. मुलगा त्या रात्री पालखीतळापासून हाकेच्या अंतरावर होता, असे मागाहून समजले. तो घरी आला दोन वर्षांनी. आईने तोवर डोळे मिटले होते.

नियम आम्ही पाळला. आमच्यासाठी पाऊस मात्र कोणी मागितला नाही.

गुरुजींना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवीत बसले. मग आम्ही त्यांना त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. ते आमच्या अकलेचे नव्हे, माउलींच्या पालखीतळाचे आहे. संध्याकाळी पालखी तळावर येते, सर्व दिंड्या सभोवार उभ्या राहतात, टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात लाखभर माणूस गप्प होते. अशा वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात. कोणाला पाणी मिळाले नाही, कोणाची जागा दुसऱ्याने घेतली. ते ऐकून घेतले जाते, निकाल होतो. मग हरवले-सापडलेल्याचा पुकारा होतो, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते. आणि त्यानंतर समाजआरती. क्रम पाहा. हरवलेली पिशवी आरतीच्या नंतर नव्हे, आरतीच्या आधी, आणि माउलींच्या समोर.

"तुमचा चहा उपासनेच्या आधी ठेवा," आम्ही म्हणालो. "ज्याचं जे अडलंय ते त्यानं तिथं सांगावं, दुसऱ्यानं ऐकावं, जमेल तर हात लावावा. मग आत जा. आणि इलेक्शन फाटकाबाहेर."

गुरुजी हसले. "बुवा, आमच्या वस्तीचा रस्ता तीन पावसाळे अडलाय. त्याचं बोलणं हे इलेक्शन की अडचण?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ते आपला नियम काय लिहितात ते कळवीन म्हणाले आहेत.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. त्यानंतर वारी सुरू झाली तरी तो वारकरी आमच्या दिंडीत आला नव्हता. यंदा आला. लोणंदच्या मुक्कामी रात्री तो राहुटीच्या कडेला एकटा पथारी घालून बसलेला दिसला. आम्ही हरिपाठ संपवून त्याच्याकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. मग विचारले, "काय माउली, कांद्याचा भाव काय म्हणतोय?"

त्याने क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले.

"पडलाय, महाराज," तो म्हणाला, आणि पथारी थोडी सरकवून त्याने आम्हांला जागा करून दिली.