बाहेर ठेवलेल्यांचे आडनाव

मनुष्याने न केलेल्या कर्माची खूण त्याच्या नावावर उमटवावी काय? इटलीतील नेपल्स शहरी 'एस्पोझितो' हे आडनाव विपुल आढळते. त्याचे मूळ लॅटिन; अर्थ, बाहेर ठेवलेला. तेथील आनुन्त्सियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप असे. लोक त्यास चाक म्हणत. माता अर्भक त्यात ठेवी, चाक फिरे, आतील दाई ते उचलून घेई. देणारीचे मुख कोणी पाहत नसे. १८७५ मध्ये हे चाक बंद झाले.

त्या चाकामागील करुणा खरीच होती. परंतु आडनाव पडले ते उचलणाऱ्या हातावरून नव्हे, ठेवणाऱ्या हातावरून. आपल्या कर्णास 'राधेय' म्हणतात, ते पोसणाऱ्या राधेवरून! (सूतपुत्र म्हणून त्याची अवहेलना टळली नाही, ही गोष्ट निराळी.) फ्लॉरेन्समध्ये १४४५ साली उघडलेल्या अनाथालयाच्या नावावरून तेथील मुलांस 'इन्नोचेन्ती', म्हणजे निरपराध, हे आडनाव मिळे. हे मला अधिक न्याय्य वाटते. तरी निरपराध म्हणताना अपराधाची आठवण निघतेच. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कपोत होते. तेथे सोडलेल्या कित्येक मुलांचे आडनाव 'कोलोंबो' झाले. त्यात दोष नाही, निर्दोषताही नाही. केवळ एक पक्षी आहे.