वेळ मोजायचा कुणाचा?

इंग्रजांनी 'टाइम' या एका शब्दावर किती कामे लादली आहेत! किती वाजले हे विचारायचे तरी टाइम, एखादी गोष्ट तीनदा झाली तरी टाइम, गुणाकाराच्या पाढ्यात टाइम, इतिहासातले एखादे युग म्हणजे टाइम, संगीतातला ठेका टाइम आणि तुरुंगात काढलेली सजाही टाइमच. मराठीने ही कामे वाटून दिली आहेत. वेळ, काळ, खेप, पट, मुदत, घटका, हंगाम, जमाना, लय. त्यातही 'वेळ' शब्दाचे लिंग बदलले की अर्थ बदलतो. 'वेळ गेला' म्हणजे तासनतास खर्ची पडले. 'वेळ गेली' म्हणजे संधी हुकली. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' हे वाक्य तर मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाबद्दल आपण सहज बोलून जातो.

एवढे शब्द हाताशी असूनही आपण 'टाइम' घेतला. गिरणी, रेल्वे, शाळा आणि कचेरी यांच्याबरोबर तो आला: ड्युटीचा टाइम, ओव्हरटाइम, टाइमटेबल. दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेल्या वेळेला आपण टाइम म्हणतो, असे मला वाटते. मुंबईतल्या देवनारच्या वस्त्यांमध्ये आजही 'पाण्याचा टाइम' म्हणतात. तो टाइम ठरवणारा आणि त्याची वाट पाहणारा ही दोन वेगळी माणसे असतात.

वेळ कुणी ठरवायची, हा वाद मुंबईने फार पूर्वी अनुभवला आहे. शहराची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे, म्हणजे मुंबईच्या माथ्यावर सूर्य कधी येतो त्यावरून ठरलेली. 1881 मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कारभाराला मद्रास वेळ लावली. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. मग 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि घड्याळे 39 मिनिटे पुढे सरकली. आपल्याला हे किरकोळ वाटते. पण पहाटेच्या भोंग्याला पळणाऱ्या गिरणी कामगाराची 39 मिनिटांची झोप गेली. जुन्या घड्याळात जेव्हा चार एक्कावन्न व्हायचे, तेव्हा नव्या घड्याळात साडेपाच वाजलेले असायचे. त्या जानेवारीत कामगार चिडून उठले ते म्हणूनच. महापालिकेने तर स्वातंत्र्य मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, मुंबई वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेशिवाय आगगाड्या चालल्या नसत्या, हे खरेच. तरी पुढे ढकलल्या गेलेल्या त्या मिनिटांची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मागे राहतोच.

योगायोग असा की त्याच 1906 साली कुर्ला ते चेंबूर रेल्वेमार्ग तयार झाला, आणि तो माणसांसाठी नव्हता. शहराचा कचरा बाहेर नेण्यासाठी तो टाकला होता. प्रवासी गाडी धावायला 1924 साल उजाडले. देवनारच्या या बाजूला आधी कचरा पोचला, माणूस मागून आला. देवनारच्या खाजणातल्या कचराभूमीचे वय पालिकेच्या हिशेबाने 1927 पासून धरतात. म्हणजे शंभरीला आलेला डोंगर. इथे आणखी एक काळ चालू असतो, कुजण्याचा. भाजीचे देठ आठवड्यात संपतात, कापड वर्षे घेते, प्लास्टिक आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल. डोंगराच्या पोटात मिथेन साठत राहतो आणि तो पेटला की कुणाच्या टाइमटेबलला विचारत नाही. जानेवारी 2016 मध्ये आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस हटला नाही आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

या डोंगराच्या पायथ्याशी बैंगनवाडी, रफिकनगर, शिवाजीनगर. पाणी यायचे असते तेव्हा गल्लीत निळे ड्रम आणि हंडे ओळीने मांडलेले दिसतात. प्रत्येक हंडा म्हणजे एक माणूस. आई कामावर निघालेली, म्हणून दहा-बारा वर्षांची मुलगी हंड्याजवळ बसते, गणवेश घालूनच, दप्तर मांडीवर. नळाला सुरसुर झाली की सगळी गल्ली उठते. नाही झाली तर मुलगी बसूनच राहते आणि शाळेची घंटा तिकडे ठरल्या वेळी होते. तिला उशिरा आली म्हणून ओरडा बसतो. पाणी उशिरा आले म्हणून कुणालाही बोलणी बसत नाहीत. वेळेबद्दल वाचलेल्या तत्त्वज्ञानापेक्षा या गल्लीने मला जास्त शिकवले: वाट पाहणे हे काम आहे, आणि त्याची मजुरी कुणी देत नाही. कचरा वेचणाऱ्या बायकांचेही तेच. डंपर कधी खाली होणार त्यावर त्यांचा दिवस चालतो. हातात आकडा घेऊन त्या उन्हात थांबतात.

सगळेच इथे घड्याळावर चालत नाही. 1971 पासूनच्या देवनार पशुवधगृहात बकरी ईदचा बाजार भरतो तो चंद्र दिसल्याच्या हिशेबाने. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते आणि बाजार कधी भर पावसात, कधी उन्हाळ्यात भरतो. आपले पंचांगही चंद्रावरच चालते, फक्त आपण अधिक मास घालून सणांना ऋतूशी बांधून ठेवतो. राजस्थानातून बकऱ्या घेऊन येणारा व्यापारी महिने आधीपासून ही गणिते तोंडपाठ ठेवतो. तोही वाट पाहतो. पण कशाची पाहायची हे त्याला नेमके माहीत असते.

याच देवनारात आयुष्याची वर्षे मोजणारी संस्था आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, स्थापना 1956, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तीच पाहते. हाकेच्या अंतरावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, 1954 पासून इथे. आणि 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात देवनार ज्यात येते त्या पालिकेच्या एम पूर्व विभागाचा मानवी विकास निर्देशांक 0.05, शहरात सर्वांत खाली. मृत्यूचे सरासरी वय 39 च्या आसपास नोंदले गेले. हा आकडा म्हणजे आयुर्मान नव्हे, हे सांगायला हवे. जिथे तरुण वस्ती जास्त आणि तान्ही मुले दगावतात तिथे ही सरासरी खाली येतेच. पण ती एवढी खाली यावी, यातच सगळे आले. ज्यांचा वेळ रांगेत सर्वांत जास्त जातो, त्यांच्याच वाट्याला आयुष्य सर्वांत कमी.

2025 मध्ये पालिकेने डोंगर उपसण्याची निविदा काढली: सुमारे 1 कोटी 85 लाख टन जुना कचरा, तीन वर्षांची मुदत. मुदत हा सरकारी मराठीतला फार लाडका शब्द, कारण त्याला मुदतवाढ हे अपत्य लगेच होते. देवनार बंद करण्याच्या मुदती न्यायालयानेही दिल्या होत्या आणि त्या टळत गेल्या. कामाला उशीर झाला तर ठेकेदाराला दंड होतो, निदान कागदावर. वस्तीला झालेल्या उशिराची भरपाई कोणत्याच कलमात नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डोंगर किती टन उपसला हे दर महिन्याला वस्तीच्या नाक्यावर फळा लावून लिहा. पाणी किती वाजता सोडणार तेही त्याच फळ्यावर लिहा, आणि लिहिलेल्या वेळेला सोडा.